समाजसेवा करून पोट भरेल का?

ताई,

मी कोपरखैरण्याला राहते. टीवायबीएला आहे, विषय मानसशास्त्र. बाबा माथाडी आहेत, कांदा-बटाटा मार्केटला. आई घरी शिवणकाम करते. आत्या आमच्याकडेच असते. मी आठवीत होते तेव्हा तिला आवाज ऐकू यायला लागले. आधी गावी, पाटणकडे, देवऋषी झाले. मग एका सरकारी हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. शेजारच्या खोलीत एक मॅडम बसायच्या, त्यांनी आम्हा सगळ्यांना एकेक करून आत बोलावलं. मला विचारलं, "रात्री आत्या ओरडते तेव्हा तू कुठे झोपतेस?" तोवर मला हे कुणीच विचारलं नव्हतं. आत्या आता बरीच बरी आहे. भाजी निवडते, संध्याकाळी खाली जाऊन बसते. मला त्या मॅडमसारखं व्हायचंय, पण त्यांच्या दारावर काय पाटी होती तेही आठवत नाही. नेटवर शोधलं तर ‘क्लिनिकल सोशल वर्कर’ असं येतं आणि सगळं अमेरिकेचंच येतं, लायसन्स काय, परीक्षा काय. इथे काय करायचं? एमए सायकॉलॉजी की समाजकार्यातली मास्टर्स, म्हणजे एमएसडब्ल्यू? नोकऱ्या कुठे असतात? आई म्हणते, समाजसेवा करून पोट भरतं का, त्यापेक्षा बँकेच्या परीक्षा दे. आणि खरं सांगते, मलाही भीती वाटते. आत्याचं आठवलं की अजून रडू येतं. असं असेल तर हे काम करूच नये का?

— एक वाचक, कोपरखैरणे

प्रिय मुली,

त्या दारावर बहुतेक ‘समाजसेवा अधीक्षक’ अशी पाटी असणार. सरकारी हॉस्पिटलात आमच्या पदाचं नाव ते, पुढे कंसात ‘वैद्यकीय’ किंवा ‘मनोविकृती’. पेशंट मात्र सोशल वर्कर मॅडमच म्हणतात, आणि वॉर्डातले मामा-मावशी नुसतंच ‘सोशलवाल्या’. अशाच एका पाटीमागे ठाण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून तुझं पत्र हातातून खाली ठेववेना.

तुला विचारलेला तो प्रश्न मायेपोटी विचारलेला होताच, पण तो कामाचा भागही होता. वन रूम किचनमध्ये चौदा वर्षांची मुलगी कुठे झोपते यावरून कितीतरी कळतं. आजारी माणसाला स्वतःची जागा आहे का, रात्री जागं कोण राहतं, कोण कुणाला घाबरतं, सकाळी शाळा बुडते का, आई दमून आत्यावर खेकसते का. डॉक्टरांना दहा मिनिटांत आत्याचा आजार बघायचा होता. त्या बाईंना आत्या ज्या घरात परत जाणार ते घर बघायचं होतं, आणि त्या घरात तूही होतीस. आजार आणि घर एकत्र बघणं हेच हे काम, आणि तू त्याच्या पलीकडच्या बाजूला बसून ते पाहिलेलं आहेस.

आता नावाचा घोळ सोडवू. अमेरिकेत लायसन्स्ड क्लिनिकल सोशल वर्कर हे रीतसर परवान्याचं पद आहे. सोशल वर्कची मास्टर्स पदवी, नंतर साधारण दोनेक वर्षं अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली हजारो तासांचं काम, मग परीक्षा, आणि प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. तो परवाना मिळाला की ती व्यक्ती स्वतंत्रपणे थेरपी देऊ शकते. तिथे या कामाची मुळंही जुनी आहेत. १९०५ साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात डॉ. रिचर्ड कॅबट यांनी समाजकार्याचा विभाग सुरू केला. क्षयाच्या माणसाला ‘विश्रांती घ्या, चांगलंचुंगलं खा’ असं लिहून दिलं आणि तो खोलीवर जाऊन दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाला, तर त्या चिठ्ठीचा उपयोग काय, असा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. आपल्याकडे १९३६ मध्ये मुंबईत नागपाड्याला समाजकार्याचं शिक्षण सुरू झालं. आजची टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, ती हीच. आणि १९४६ मध्ये जे. जे. हॉस्पिटलात देशातला पहिला मेडिकल सोशल वर्कर नेमला गेला. आपल्याकडे या क्षेत्राची दोन नावं रुळली, मेडिकल सोशल वर्कर आणि सायकिॲट्रिक सोशल वर्कर. तू नेटवर जे वाचतेस त्याच्याशी यांचंच नातं आहे. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्यात तर ‘क्लिनिकल सोशल वर्कर’ हे नावही आलंय, मेडिकल आणि सायकिॲट्रिक सोशल वर्करच्या बरोबरीनं. त्यामुळे पुढे राज्य परिषदेकडे नोंदणी करण्याबाबत ज्या सूचना निघतील त्यांवर नजर ठेव. अमेरिकेच्या पानांवरच्या परीक्षा तुझ्या नाहीत, त्या सध्या बाजूला राहू देत.

अभ्यासक्रमाकडे वळण्याआधी एक घर दाखवते, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

वागळे इस्टेटच्या बाजूचा एक मुलगा, सव्वीस वर्षांचा, स्किझोफ्रेनियाचा पेशंट. वर्षात तिसऱ्यांदा भरती झाला. फाइलवर तिन्ही वेळेला एकच शेरा, गोळ्या नियमित घेत नाही. आई म्हणायची, देते की हो मी, माझ्या हातानं देते. डॉक्टरांना वाटे ती खोटं बोलते. डिस्चार्जनंतर पंधरा दिवसांनी मी होम व्हिजिटला गेले. चाळीतली खोली, बारा बाय दहाची. कपाटावर देवाच्या तसबिरीमागे श्रीखंडाचा रिकामा डबा, त्यात गोळ्या. मी आईसमोरच पाकिटं मोजली. आठवड्याला तीन-चार गोळ्या जास्त उरत होत्या. मी काही बोलले नाही. चहा झाला, गप्पा झाल्या, आणि बोलता बोलता पाण्याचा विषय निघाला. त्यांच्याकडे पाणी पहाटे साडेचारला यायचं, पाऊण तास. नळ खाली, खोली दुसऱ्या मजल्यावर. आईचे गुडघे गेलेले, वडील नाहीत. पाणी भरायचं काम मुलाचं. आणि रात्रीची गोळी घेतली की त्याला पहाटे उठवायचं कसं? ज्या दिवशी पिंप रिकामं, त्या रात्री गोळी बंद. बाईंनी एकही खोटा शब्द बोललेला नव्हता. देत होत्या त्या दिवशी स्वतःच्या हातानंच देत होत्या.

मी परत येऊन डॉक्टरांशी बोलले. त्यांनी गोळीची वेळ संध्याकाळी सातच्या जेवणावर आणली. शेजारच्या खोलीतल्या एका कॉलेजच्या मुलानं दोन हंडे भरून द्यायचं कबूल केलं, बदल्यात ही बाई त्याचा डबा करायची. आठवडाभर सकाळी फोन करून मी खात्री केली. पुढची दोन वर्षं तो मुलगा वॉर्डात आला नाही, फक्त ओपीडीला यायचा, गोळ्या न्यायला. फाइलीवरच्या त्या शेऱ्याच्या शेजारी मी एक ओळ लिहिली होती, पाणी पहाटे ४.३०. नवीन आलेले डॉक्टर ती वाचून बुचकळ्यात पडत, मग मला विचारायला येत.

यात थेरपी कुठे, असं तुझ्यासारखी सायकॉलॉजीची विद्यार्थिनी विचारेल. आहे ना. त्या आईला मुलाचा आजार समजावून सांगायला मला पुढे सहा बैठका लागल्या. तो आळशी झालेला नाही, अंघोळीला टाळाटाळ करतो हा आजाराचाच भाग आहे, ‘बापाच्या वळणावर गेला’ हे वाक्य त्याच्यासमोर रोज बोलू नका. जॉर्ज ब्राउन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञानं फार पूर्वी दाखवून दिलं होतं की हॉस्पिटलातून बरा होऊन गेलेला माणूस जर सतत टोमणे, राग किंवा गुदमरवणारी काळजी असलेल्या घरात परतला, तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. म्हणजे घरातलं बोलणं हासुद्धा उपचाराचा विषय आहे. ते बोलणं बदलायला शिकवायचं, आणि ज्या माऊलीनं सगळं एकटीनं ओढलंय तिला अपराधी वाटू न देता शिकवायचं. याला कौशल्य लागतं, आणि ते शिकावं लागतं.

म्हणून आता शिक्षण. एमए सायकॉलॉजी वाईट नाही. तुला मनाच्या चाचण्या, निदानाचं बारीक विश्लेषण, एकेका माणसाबरोबर खोल थेरपी यांची ओढ असेल तर तो रस्ता घे. पुढे क्लिनिकल सायकॉलॉजीचं प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी. पण तुझ्या पत्रात तू आजाराबद्दल दोन ओळी लिहिल्यास आणि घराबद्दल दहा. माझं मत विचारशील तर एमएसडब्ल्यू कर.

कुठल्याही शाखेची पदवी चालते. तुझ्यापासून सर्वांत जवळ देवनारची टिस, वाशीला गाडी बदलून गोवंडी. चर्चगेटजवळ निर्मला निकेतन आहे, १९५५ पासूनचं. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था, १९६३ ची. टिससाठी सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते आणि तिचे फॉर्म पदवीचा निकाल लागायच्या कितीतरी आधी निघतात. आमच्या मुली दरवर्षी इथेच चुकतात, निकालाची वाट बघत बसतात. वैद्यकीय आणि मानसोपचार समाजकार्य किंवा मानसिक आरोग्य हे स्पेशलायझेशन जिथे आहे ते कॉलेज बघ. घरबसल्या दोन महिन्यांत ‘सर्टिफाइड काउन्सेलर’ करून देणाऱ्या जाहिरातींना पैसे देऊ नकोस. घरच्या परिस्थितीचं म्हणशील तर महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर तुझ्या प्रवर्गाला काय शिष्यवृत्ती किंवा फीसवलत लागू होते ते कॉलेजच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी विचार. लाजू नकोस, उद्या हेच तुला दुसऱ्यांना विचारायला शिकवायचंय.

एमएसडब्ल्यूची खरी शाळा म्हणजे फील्डवर्क. आठवड्यातले साधारण दोन दिवस तुला एखाद्या हॉस्पिटलात, वस्तीत, बालगृहात पाठवतात. रात्री घरी येऊन रेकॉर्डिंग लिहायचं. मी काय विचारलं, तो काय म्हणाला, तो गप्प बसला तेव्हा मला काय वाटलं, सगळं जसंच्या तसं. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये मी एका म्हाताऱ्या डायबेटिसच्या पेशंटला म्हणाले होते, ‘काळजी करू नका, सगळं ठीक होईल.’ त्या वाक्याखाली फील्डवर्क तपासणाऱ्या बाईंनी लाल रेघ मारून लिहिलं होतं, ‘हा दिलासा कुणासाठी होता?’ त्या माणसाचा पाय दुसऱ्या दिवशी कापणार होते आणि त्याला त्याबद्दलच बोलायचं होतं. मला ते ऐकवत नव्हतं, म्हणून मी त्याचं तोंड बंद केलं होतं. ती वही अजून माझ्याकडे आहे.

एमएसडब्ल्यूनंतर मेडिकल सोशल वर्करची दारं उघडतात. सायकिॲट्रिक सोशल वर्करसाठी मात्र २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं व्याख्याच करून ठेवली आहे. समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, आणि त्यावर देखरेखीखालच्या क्लिनिकल प्रशिक्षणासह दोन वर्षांचा पूर्णवेळ एमफिल. तो मानसिक आरोग्याच्या मोठ्या संस्थांत, म्हणजे बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये, रांचीच्या सीआयपीत, आसामात तेजपूरला शिकवत आलेत. आता एक अडचण नीट समजून घे. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०२२ च्या नियमांत एमफिल ही पदवीच बंद केली. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिॲट्रिक सोशल वर्क या दोन एमफिलना तेवढी २०२५-२६ च्या वर्षापर्यंत मुदत दिली. तू एमएसडब्ल्यू होऊन बाहेर पडशील तेव्हा हे प्रशिक्षण कुठल्या नावानं चालतंय, ते कायद्याच्या व्याख्येत बसतं का, हे प्रवेश घ्यायच्या आधी त्या संस्थेला ईमेलवर विचार आणि उत्तर जपून ठेव. पण आजच त्याची धास्ती घेऊ नकोस. मधे दोन वर्षं आहेत, आणि मी तर म्हणेन एमएसडब्ल्यूनंतर वर्षभर नोकरी करून मगच पुढचं ठरव. वॉर्डात एक पावसाळा काढलेली मुलगी आणि नुसतं पुस्तक वाचून आलेली मुलगी यांत फरक पडतो.

नोकऱ्या म्हणशील तर तुझ्या अवतीभोवतीच बघ. राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, त्यातलं एक आपल्या ठाण्यात, १९०१ सालचं. ‘ठाण्याला पाठवायला पाहिजे’ ही आपल्याकडची चेष्टा तिथूनच आली आणि ती ऐकली की मला अजून वाईट वाटतं, कारण तिथल्या भिंतींच्या आत बरी झालेली आणि तरीही घरी कुणी न नेलेली माणसं असतात. त्यांचं घर शोधणं, नातेवाइकांशी बोलणं, आधार कार्ड, बँकेचं खातं, अपंगत्वाचा दाखला हे काम सोशल वर्करचं. दाखल्यावरून आठवलं, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे आणि चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्व ठरलं तर सवलती मिळतात. तुमच्या आत्याचा दाखला काढलाय का? नसेल तर पुढच्या फॉलो-अपला विचारा.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या टीममध्ये सायकिॲट्रिक सोशल वर्करची जागा असते. ही टीम ग्रामीण रुग्णालयांत, आरोग्य केंद्रांवर जाते, म्हणजे ठाणे जिल्ह्यात शहापूर-मुरबाडपर्यंत तुझी पायपीट. कळव्याचं महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशी-नेरुळकडची मोठी हॉस्पिटलं यांत मेडिकल सोशल वर्कर लागतात. धर्मादाय हॉस्पिटलांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड हातात धरून घाबरत आलेल्या माणसाला त्या खाटेपर्यंत नेणारी व्यक्ती म्हणजे तिथली सोशल वर्कर. खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक आहे, कॅन्सरचं काम. खारघरलाच बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. एचआयव्हीच्या तपासणी आणि समुपदेशन केंद्रांत (आयसीटीसी) समुपदेशक असतात. अवयव प्रत्यारोपण करणाऱ्या हॉस्पिटलला कायद्यानं ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर ठेवावा लागतो आणि त्या जागेसाठी समाजकार्याची मास्टर्स पदवी पसंतीची धरली आहे. आयसीयूच्या दाराबाहेर, ज्यांचा माणूस ब्रेन-डेड झालाय त्या आईबापांशी बोलायचं असतं. हे काम सगळ्यांना झेपत नाही, झेपतं त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे.

हॉस्पिटलबाहेरही बरंच आहे. मुंबई पोलिसांत १९८४ साली टिसच्या पुढाकारानं महिला आणि मुलांसाठी स्पेशल सेल सुरू झाला, आज राज्यभर पोलिसांच्या आवारात बसून सोशल वर्कर मारहाण सोसणाऱ्या बायकांची बाजू धरतात. वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलातलं दिलासा केंद्र २००० सालचं, तिथे तर जखमेवर पट्टी बांधायला आलेल्या बाईची खरी गोष्ट ऐकून घेतली जाते. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा, जिथून बरी झालेली रस्त्यावरची माणसं सोशल वर्करांबरोबर रेल्वेनं दूरदूरच्या गावांना घरी जातात. व्यसनमुक्ती केंद्रं आहेत, कुटुंब न्यायालयातले समुपदेशक आहेत, शाळा आहेत, १४४१६ वर फोन घेणारी टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे. कॉलेजात शिकवायचं असेल तर नेटची परीक्षा, पीएचडी.

पगाराचं खरं सांगते, कारण तुझ्या आईचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला ‘समाधान मोठं असतं’ असलं उत्तर देणं म्हणजे तिची फसवणूक. कायम सरकारी जागा थोड्या आहेत आणि जाहिरात केव्हा निघेल सांगता येत नाही. बऱ्याच जागा कंत्राटी, अकरा महिन्यांच्या. संस्थांमधला पहिला पगार बँकेतल्या क्लार्कपेक्षा कमी असतो. पहिली तीन-चार वर्षं ओढाताण होईल. त्यानंतर, विशेषतः क्लिनिकल प्रशिक्षण झालेल्या मुलींना मोठी खासगी हॉस्पिटलं, कंपन्यांचे कर्मचाऱ्यांना समुपदेशन देणारे कर्मचारी-सहाय्य कार्यक्रम यांत बरं मिळतं. ऐरोलीत आयटीच्या इमारती आहेतच की तुझ्या घराशेजारी. आईला सांग की हे दानधर्माचं काम नाही, बारावीनंतर पाच ते सात वर्षांचं शिक्षण लागणारा पेशा आहे, नर्स किंवा फिजिओथेरपिस्टसारखा. आणि घरात तुझ्या पगाराची निकड लगेच असेल, तर बँकेची परीक्षा दे, त्यात कमीपणा नाही. एमएसडब्ल्यूच्या वर्गात तिशीतल्या बायका मी पाहिल्यात, आधी दुसरी नोकरी करून आलेल्या, आणि त्या फार चांगलं काम करतात.

बाबांशी वेगळं बोल. त्यांच्या टोळीत पाठीची गादी सरकलेला कुणीतरी असेलच. डॉक्टरनं त्याला काय सांगितलं असेल? ओझं उचलू नका. माथाड्यानं ओझं उचलायचं नाही तर करायचं काय, हे त्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. बाबांना विचार, त्या माणसाला तेव्हा कोण भेटायला हवं होतं. बॉस्टनच्या त्या डॉक्टरची गोष्ट त्यांना तुझ्यापेक्षा लवकर कळेल.

आता तुझी भीती. मी तुला माझ्या पहिल्या वर्षाचं सांगते. एका हॉस्पिटलात होते. वॉर्डात एक बाई होती, पस्तिशीची, पूर्ण बरी झालेली. मी नवीन, उत्साही. तिला म्हणाले, गौरी-गणपतीला तू घरी असशील. तिनं हिरव्या बांगड्या आणि एक साडी पिशवीत भरून ठेवली. मी पत्ता घेऊन कळव्याला गेले तर खोलीला दुसऱ्यांचं कुलूप. नवरा घर विकून निघून गेलेला. मी परत आले तेव्हा ती जिन्यापाशी पिशवी घेऊन बसली होती. माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पिशवी उचलून आत गेली. एक शब्द बोलली नाही. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. माझ्या वरिष्ठ बाई बाहेर थांबल्या होत्या. म्हणाल्या, "रडून झालं की ये. तिच्या रेशन कार्डावरचं दुकान शोधायचंय, दुकानदाराला माहीत असतं कोण कुठे गेलं." दुकानदाराला नवऱ्याचं ठाऊक नव्हतं, पण बहिणीचं होतं. अंबरनाथ. तिला समजवायला पाच महिने गेले. संक्रांतीनंतर ती बाई बहिणीकडे गेली. मी त्या दिवसापासून पेशंटला तारीख सांगितलेली नाही.

रडू येतं म्हणून तू नालायक ठरत नाहीस. रडून झाल्यावर दुकान शोधायला उठता येतं का, एवढंच बघायचं, आणि ते एकटीनं करायचं नसतं. म्हणून नोकरी निवडताना पगाराच्या आधी विचार, माझं काम बघणारं, माझ्याशी आठवड्याला बसून बोलणारं कुणी असेल का. ज्या जागी सुपरव्हिजन नाही ती जागा सुरुवातीला घेऊ नकोस, पगार चांगला असला तरी. आणि तुझ्या बाबतीत आणखी एक. आवाज ऐकणारी प्रत्येक बाई तुला आत्या वाटेल. तिच्या घरचे चुकले की तुला तुमच्या घरचा राग येईल. हे होणारच, पण ते कुणाशी तरी नीट बोलून मोकळं कर. एमएसडब्ल्यूला जायच्या आधी स्वतः चार-सहा वेळा समुपदेशकाकडे जा. आठवीतल्या त्या मुलीला एकदाच कुणीतरी विचारलं होतं, तिचं बोलणं बाकी आहे असं मला पत्रातून जाणवलं. आणि घरात तू आत्याची सोशल वर्कर होऊ नकोस. तिच्यासाठी तिच्या ओपीडीतल्या बाई आहेत. तू भाची राहा.

परीक्षा संपल्या की दोन-तीन महिने एखाद्या संस्थेत स्वयंसेवक म्हणून जा. बसायला खुर्ची मिळणार नाही, फायली लावायला सांगतील, लाव. फायलींतूनच पत्ते कळतात, आणि पत्त्यांवरून माणसं. त्या दिवसांत घरी येताना गाडीत तुझ्या मनात काय चालतं ते एका वहीत लिहीत जा, मुलाखतीला विचारतात त्यापेक्षा तुला स्वतःलाच ते लागेल. सीयूईटीच्या तारखा आजच बघ.

आणि प्रवेश मिळाला की आईबाबांच्या बरोबरीनं आत्यालाही सांग तू काय शिकायला जातेस ते. फील्डवर्कच्या पहिल्या महिन्यात तू एखाद्या संध्याकाळी घरी येऊन काही न बोलता तिच्याशेजारी भाजी निवडायला बसशील. बाकीचे विचारत बसतील काय झालं म्हणून. तिला विचारावं लागणार नाही.

तुझी,
ताई